मामाचा ऑल-इन

सर्वप्रथम एक खुलासा! रेक्टर सरांनी नुसतं शीर्षक वाचून मला ऑफिसात बोलावू नये म्हणून सांगून टाकतो, की या लेखात पत्ते आहेत, पण पत्त्यांवर लावलेले पैसे नाहीत. आम्ही लावले ते चिंचोके. शिरूरच्या आजीच्या पत्र्याच्या डब्यातले, धुऊन-वाळवून ठेवलेले, माणशी शंभर. पैसेही आहेत, पण ते लेखाच्या उत्तरार्धात येतात आणि ते कांद्यावर लावलेले आहेत. त्याला कुणी जुगार म्हणत नाही, शेती म्हणतात.

दुसरा खुलासा माझ्या मराठीबद्दल. मी पडलो कॉन्व्हेंटचा. मराठी आकडे हा माझा कायमचा बॅकलॉग! एकोणसाठ म्हणजे फिफ्टी नाईन की सिक्स्टी नाईन हे ठरवायला मला अजूनही दोन सेकंद लागतात. तेव्हा पुढे आकड्यांत काही चुकलं, तर ती चूक गणिताची नसून भाषेची आहे असं समजून मॅथ्सच्या मॅडमनी मला माफ करावं.

तर गोष्ट गेल्या दिवाळीची, म्हणजे २०२५ ची.

आमचं घर दौंडला. बाबा रेल्वेत गार्ड. २०२२ पासून या पदाचं नाव ‘ट्रेन मॅनेजर’ झालंय, पण आमच्या गल्लीत सगळे अजून गार्डसाहेबच म्हणतात. जंक्शनच्या गावात वाढलेल्या माणसाचं आयुष्य कसं असतं? टाइमटेबलप्रमाणे. बाबांना सातची गाडी पकडायची असेल तर ते साडेसहाला प्लॅटफॉर्मवर उभे असतात. पगार ठरल्या दिवशी, आरडी ठरल्या दिवशी, एलआयसीचा हप्ता ठरल्या दिवशी. पोकरच्या भाषेत अशा माणसाला ‘टाइट’ म्हणतात. हातात फारच चांगले पत्ते आल्याशिवाय हा माणूस खिशात हात घालत नाही.

आईचं माहेर शिरूर. जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. तिथे मामाचं शेत आहे आणि मामा म्हणजे बाबांच्या अगदी उलट टोक. नातेवाइकांत त्याचं नाव निघालं की एक वाक्य ठरलेलं असतं, “तो काय, जुगारीच आहे!” मामाने आयुष्यात कधी क्लबची पायरी चढलेली नाही. तो फक्त कांदा लावतो. तरी पण जुगारी! याचं कारण पुढे येईलच.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री मामाकडे पत्त्यांचा डाव बसतो, ही फार जुनी पद्धत. आजवर तो तीन पत्तीचा असायचा. यंदा मी हॉस्टेलवर शिकलेलं नवीन ज्ञान घेऊन गेलो होतो, म्हणून टेक्सास होल्डेम पोकर बसवला. (मोबाईलवर पैसे लावून खेळायचे असले खेळ ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने बंद झाले. त्याआधी आमच्या विंगमधल्या एकाने मेसचे तीन महिन्यांचे पैसे त्यात घालवले आणि मग आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला जेवू घातलं. तेव्हापासून आमच्या रूमवर काड्यापेटीतल्या काड्यांवरच खेळायचं असा नियम आहे.)

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी चार ओळी. प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात, ते फक्त त्यानेच बघायचे. मग मध्ये पाच पत्ते उघडतात : आधी एकदम तीन, त्याला फ्लॉप म्हणतात, मग एक, मग आणखी एक. ते पाच सगळ्यांचे. आपले दोन आणि हे पाच मिळून ज्याचा पाच पत्त्यांचा हात सगळ्यात भारी, तो जिंकला. प्रत्येक टप्प्यावर बोली लावता येते. आणि कधीही, अगदी मधला एकही पत्ता उघडायच्या आत, तुम्ही तुमच्याकडचं सगळंच्या सगळं पुढे ढकलू शकता. तोच ऑल-इन. समोरच्याने तेवढंच लावून पत्ते दाखवायला सांगायचं म्हणजे कॉल, नाही तर पत्ते टाकून द्यायचे म्हणजे फोल्ड.

मी नियम सांगत होतो तेव्हा मामा पान जुळवत बसला होता. त्याने एवढंच विचारलं, “म्हंजी फ्लॉप बघायच्या आधीच समदं लावलं तरी चालतंय?”

म्हटलं, “चालतं. पण शहाणी माणसं सारखं सारखं तसं करत नाहीत.”

“शहान्यांचं ऱ्हाऊ दे.”

झालं! तिसऱ्याच डावाला मामाने शंभरच्या शंभर चिंचोके पुढे सारले. “ऑल-इन! होऊ दे खर्च!” सगळ्यांनी घाबरून पत्ते टाकले. पुन्हा सहाव्या डावाला. पुन्हा आठव्याला. आई म्हणाली, “याला तीन पत्तीतली ब्लाइंडची खोड आहे.”

आईचं बरोबर होतं, आणि त्यावर मी थोडा विचार केला. तीन पत्तीत पत्ते न बघता, म्हणजे ब्लाइंड, खेळणाऱ्याला निम्मी चाल लागते, बघून खेळणाऱ्याला दुप्पट. शिवाय ५२ पत्त्यांतून तीन पत्ते २२,१०० प्रकारे येऊ शकतात आणि त्यातल्या १६,४४० प्रकारांत, म्हणजे शंभरात ७४ वेळा, हातात साधी जोडीसुद्धा नसते. समोरच्याकडे बहुतेक वेळा काहीच नसतं, आणि न बघता खेळणं निम्म्या किमतीत पडतं. म्हणजे तिथे ब्लाइंड खेळणं हा अगदीच वेडेपणा नाही. पण होल्डेममध्ये असलं काही कन्सेशन नाही! इथे ऑल-इन म्हणजे पूर्ण किमतीचं तिकीट.

बक्षीस होतं मामाची बुलेट. जो जिंकेल त्याला पाडव्याला दिवसभर बुलेट, आणि मामाच जिंकला तर शेवटच्या डावात हरलेल्याने ती धुवायची. मला ती बुलेट काहीही करून पाहिजे होती. म्हणून मी एक काम केलं. कालनिर्णयचं जुनं पान उलटं करून त्यावर रेघोट्या मारायला सुरुवात केली. एकूण डाव किती, त्यात मामा किती वेळा ऑल-इन गेला, आणि कुणी कॉल केल्यावर त्याने काय पत्ते दाखवले.

रात्री साडेबारापर्यंत आई, मामी आणि धाकटा मामेभाऊ बाहेर पडले. उरलो तिघे. मामाकडे ३०० चिंचोके, माझ्याकडे २१०, ताईकडे ९०. माझ्या कागदावर ४८ डाव झाले होते आणि मामाचे ऑल-इन १४.

एकोणपन्नासावा डाव (फॉर्टी नाईन, बरोबर ना?). पत्ते ताईने वाटले. सक्तीची बोली मामाची ५ आणि माझी १०. ताईने पत्ते टाकले. मामाने आपले पत्ते उचलून बघितले, मिशीवरून हात फिरवला आणि अख्खा ढीग पुढे लोटला.

“ऑल-इन!”

मी पत्ते बघितले. इस्पिकचा एक्का आणि चौकटची दश्शी.

आता खरी गंमत. घरातले सगळे एका सुरात ओरडले, “अरे कॉल कर! याच्याकडे काय नसतंय!” कारण सगळ्यांना तासाभरापूर्वीचा डाव आठवत होता. तेव्हा मामाने ऑल-इन जाऊन सत्ती-दुर्री दाखवली होती. पोकरमधला सगळ्यात भिकार हात! आजीसुद्धा हसली होती. त्या एका डावामुळे मामावर शिक्का बसला, की हा आंधळा खेळतो.

मी मात्र कागद बघितला. मामाला आतापर्यंत सहा वेळा कुणी ना कुणी कॉल केला होता. त्या सहांत त्याने काय दाखवलं होतं? चौक्यांची जोडी. एक्का-सत्ती. राजा-राणी. नव्व्यांची जोडी. एक्का-गुलाम. आणि एकदा, फक्त एकदा, सत्ती-दुर्री. सहापैकी पाच वेळा बरे पत्ते होते, आणि सगळ्यांच्या लक्षात राहिला तो सहावा!

हॉस्टेलवर शिकलेलं पहिलं गणित हे, की मला किती टक्के वेळा जिंकायला हवं? माझ्याकडच्या २१० पैकी १० आधीच मध्ये होते. मामाचे माझ्या बरोबरीचे २१०. म्हणजे मध्ये २२०, आणि मला घालायचे आणखी २००. एकूण ४२० चा ढीग जिंकण्यासाठी २००. २०० भागिले ४२०, म्हणजे जवळजवळ ४८ टक्के. शंभरात ४८ पेक्षा जास्त वेळा जिंकणार असेन तर कॉल, नाही तर फोल्ड. निम्म्यापेक्षा थोडं कमी चालतं, कारण माझे १० तसेही गेलेलेच होते.

दुसरं गणित अवघड. मी किती वेळा जिंकेन हे मामाकडे काय आहे त्यावर अवलंबून, आणि ते तर झाकलेलं! मग एक हात न धरता त्याचे सगळे शक्य हात धरायचे. दोन पत्ते एकूण १,३२६ प्रकारे येऊ शकतात. मामा खरंच आंधळा असेल आणि त्याच्याकडे काहीही असू शकत असेल, तर एक्का-दश्शी शंभरात सुमारे ६३ वेळा जिंकते. कॉल! डोळे मिटून कॉल. पण मामा फक्त वरच्या दहा टक्क्यांतले पत्ते घेऊन ढकलत असेल, म्हणजे मोठ्या जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी वगैरे, तर तीच एक्का-दश्शी चाळिशीच्या आसपास घसरते. मग फोल्ड. आणि वरचे पंचवीस-तीस टक्के हात असतील तर मी पन्नाशीच्या जरा वर. कॉल, पण छाती धडधडणारा कॉल.

म्हणजे सगळा प्रश्न एकाच गोष्टीवर आला, की मामा नक्की किती लूज आहे? लोक म्हणतात तेवढा, की कागद म्हणतो तेवढा?

कागद म्हणत होता ४८ पैकी १४. म्हणजे २९ टक्के. तेवढ्याशा नमुन्यावर सहा-सात टक्क्यांची चूक सहज होऊ शकते, हे स्टॅटिस्टिक्सच्या प्रॅक्टिकलला शिकलोय. आणि ज्या आठ वेळा कुणी कॉलच केला नाही, तेव्हा त्याच्याकडे काय होतं ते देवालाच माहीत. पण एवढं नक्की, की मामा ‘काहीही’ घेऊन येत नव्हता. तो साधारण तीन-साडेतीन डावांतला एक निवडत होता. लूज होता, आंधळा नव्हता. लोकांच्या म्हणण्यावर माझे ६३ टक्के होते, कागदावर जेमतेम बावन्न-त्रेपन्न.

तरी ४८ पेक्षा जास्तच ना? मी २०० चिंचोके पुढे केले. “कॉल.”

मामाने पत्ते पालथे केले. किलवरचा राजा आणि बदामची नव्वी. वरच्या तीस टक्क्यांत आरामात बसणारा हात, अगदी कागदाने सांगितल्यासारखा! आणि मी पुढे होतो, साठीच्या वर. मधले पत्ते उघडले. पंजी, गुलाम, तिर्री. काही नाही. मग चौकी. तेही काही नाही. आता न दिसलेल्या ४४ पत्त्यांत मामाला वाचवणारे फक्त सहा उरले होते, तीन राजे आणि तीन नव्व्या. मी मनात बुलेटची किकसुद्धा मारली.

शेवटचा पत्ता, चौकटचा राजा.

मामाने मांडीवर अशी काही थाप मारली की बाहेरच्या कुत्र्यांनी भुंकायला सुरुवात केली. “बघ भाच्या! तुझा कागुद काय म्हनतोय आता?”

मला त्या क्षणी काहीच उत्तर सुचलं नाही. सगळे म्हणत होते, “चुकलास, टाकायला हवे होते पत्ते.” गंमत बघा, दोनच मिनिटांपूर्वी हीच मंडळी कॉल कर म्हणून ओरडत होती! पुढच्या दोन डावांत ताईपण संपली. मामाने स्वतःचीच बुलेट जिंकली. आणि धुवायची जबाबदारी? शेवटच्या दोन डावांत मी नव्हतोच, पण बहुमताने ती माझ्यावर आली. लोकशाही!

इथपर्यंत ही दिवाळीची गंमत. लेख इथेच संपला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात मी बुलेटचे मडगार्ड घासत होतो. बाबा चहाचे दोन कप घेऊन आले आणि पायरीवर बसले. बाबा रात्री खेळले नव्हते, कोपऱ्यात पेपर वाचत बसले होते. थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, “काल कागदावर काय लिहीत होतास?”

मी सांगितलं. सत्ती-दुर्री, ४८ पैकी १४, सगळं. बाबांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, “तुझा मामा दोन लाख मागतोय. रब्बीच्या कांद्याला. मेमध्ये परत करीन म्हणतो.”

“मग?”

“माझ्याकडे दोन लाखच आहेत. तुझ्या फायनल इयरच्या फीचे आणि हॉस्टेलचे. म्हणून तुला विचारतोय.”

मी फडकं खाली ठेवलं.

आता मामाला जुगारी का म्हणतात ते सांगतो. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. मामाचा तीन एकर लाल कांदा तेव्हा काढणीला आलेला होता. भाव कोसळले. काढणीची मजुरी आणि गाडीभाडं निघणं मुश्किल झालं. बंदी उठली ती ४ मे २०२४ ला, तीसुद्धा ४० टक्के निर्यातशुल्क ठेवून. तोपर्यंत मामाचा लाल कांदा कधीच मातीमोल विकला गेला होता. त्या साली मामाने मामीच्या बांगड्या गहाण ठेवल्या, आणि सगळे नातेवाईक म्हणाले, “सगळं एका पिकावर लावायला कुणी सांगितलं होतं? जुगारी कुठला!”

बुलेट धुता धुता माझ्या डोक्यात ट्यूब पेटली, की शेतकरी दुसरं करणार काय? रोप, खत, ठिबक, मजुरी, सगळं आधी घालायचं. पाऊस किती पडेल, भाव काय निघेल, सरकार काय ठरवेल, हे पत्ते नंतर उघडणार. फ्लॉप बघून मग पैसे लावतो, अशी सोय शेतात नाही. पेरणी हाच प्री-फ्लॉप ऑल-इन! आमच्या दौंडच्या घरात बाबांना आयुष्यात असा एकही डाव खेळावा लागला नाही, कारण पगाराचे पत्ते उघडेच असतात. मग मामाला लूज म्हणायचं, ते कुणाच्या मापाने?

पण म्हणून फीचे पैसे द्यायचे का? दया येणं वेगळं आणि कॉल बरोबर असणं वेगळं. रात्रीचंच गणित पुन्हा समोर होतं. सगळ्यांना २०२३ आठवतंय. ही मामाची सत्ती-दुर्री तर नसेल?

बाबांना म्हटलं, “मामीची वही बघू या का?”

मामी सगळा हिशेब लिहिते. शाळेच्या दोनशे पानी वह्या, दर वर्षाची एक. मामा जे बोलतो त्यात थोडी फोडणी असते, पण मामीच्या वहीत गोणीच्या सुतळीचा खर्चसुद्धा असतो. शिवाय रात्रीच्या कागदात जी उणीव होती, न दाखवलेल्या आठ हातांची, ती इथे नव्हती. इथे सगळे हात उघडे होते. मामीने काही न विचारता आठ वह्या काढून दिल्या. आम्ही बाप-लेक ओट्यावर बसलो आणि त्याच कालनिर्णयच्या पानाच्या उरलेल्या जागेत लिहीत गेलो. आठ वर्षांत पाच वेळा फायदा, एकदा बरोबरी, दोनदा तोटा. एक २०१८ च्या हिवाळ्यातला आणि एक हा २०२३ चा. या आठ वर्षांत २०१९, २०२० आणि २०२३ अशी तीनदा निर्यातबंदी आली होती, आणि त्यातल्या पहिल्या दोन वर्षांत मामा त्यातूनही वर आला होता. हे आम्हांला कुणालाच माहीत नव्हतं. कारण फायद्याच्या वर्षी मामा आमच्याकडे येताना पेढे आणायचा आणि पेढे काय, खाल्ले की संपले! बांगड्या मात्र सगळ्यांना आठवतात.

बाबा बराच वेळ त्या पाच-एक-दोनकडे बघत होते. मग म्हणाले, “म्हणजे द्यायचे?”

आणि इथे मला आमच्या ई. अँड टीसीच्या सिलॅबसबाहेरचा एक माणूस आठवला. जॉन केली. अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये होता, इन्फर्मेशन थिअरीवाल्या क्लॉड शॅननचा सहकारी. १९५६ साली त्याने एक पेपर लिहिला. नॉइज असलेल्या लाइनवरून येणारी बातमी ऐकून पैज लावणाऱ्याने दर वेळी किती लावावे, असा प्रश्न. त्याचं उत्तर फार साधं आहे. समसमान पैजेत तुमची जिंकायची शक्यता ६० टक्के असेल, तर तुमच्याकडच्या पैशांतले फक्त २० टक्के लावा. पैज तुमच्या बाजूची असली तरी! कारण ६० टक्क्यांची पैजसुद्धा शंभरात ४० वेळा हरते, आणि दर वेळी सगळंच लावणारा कधी ना कधी शून्यावर येतो. शून्यावर आल्यावर पुढची चांगली पैज समोर आली तरी लावायला काही उरत नाही.

रात्री टेबलावर मला ही सोय नव्हती. समोरून ऑल-इन आला की कॉल नाही तर फोल्ड, मधलं काही नाही. चिंचोके होते म्हणून चाललं. पण आत्ता, ओट्यावर, किती लावायचे हे आमच्या हातात होतं.

मी म्हटलं, “एक लाख द्या बाबा. एक ठेवा. मामाचं बुडालं तर उरलेल्या एक लाखाचं मी एज्युकेशन लोन काढीन, नोकरी लागल्यावर फेडीन. दोन्ही बुडाले तर मात्र माझं वर्ष जाईल.”

केलीच्या हिशेबाने निम्मे म्हणजेसुद्धा जास्तच होते. पण केलीला मामा नव्हता.

बाबांनी आत जाऊन मामाला सांगितलं. मी खिडकीतून ऐकत होतो. मामा आधी गप्प झाला. मग नेहमीच्या आवाजात म्हणाला, “दाजी, हाफ कॉल? असला नियम कुठंय ओ पत्त्यात?”

बाबा म्हणाले, “पत्त्यात नाही. आमच्या दौंडला आहे.”

मामा हसला. पण मग तो बाहेर आला, बुलेट बघितली, कुठेतरी राहिलेला चिखल बोटाने पुसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “तुझ्या फीचं हायेत व्हय रं? मला ठाव नव्हतं. दाजी बोललंच न्हाईत.” आणि थोड्या वेळाने, “वही बघितली म्हनं.”

“हो.”

“आठ वर्सात कुनी बघितली नव्हती.”

एवढंच बोलून तो गोठ्याकडे गेला. काल रात्री चाळीस-पन्नास वेळा ‘होऊ दे खर्च’ म्हणून ओरडलेला माणूस हाच का, असं मला वाटलं. खरं तर मला तेव्हाच कळलं, की मामाचं ते ओरडणंसुद्धा ऑल-इनचाच भाग आहे. हात जेमतेम असतो तेव्हा आवाज मोठा लागतो.

त्या संध्याकाळी आम्ही एसटीने न्हावरे, केडगाव चौफुला करत दौंडला परतलो. वाटेत ठिकठिकाणी कांद्याच्या रोपांचे वाफे दिसत होते. एरवी मी खिडकीत बसून हेडफोन लावतो. या वेळी मी ते वाफे मोजत होतो. दर वाफ्यामागे कुणीतरी पत्ते न बघता बसलेलं आहे, आणि दौंडसारख्या गावातला त्याचा कुणी दाजी विचार करतोय, कॉल की फोल्ड?

मित्रांनो, आता तुम्ही विचाराल, मग कांद्याचं काय झालं? माझी फी वाचली का?

माहीत नाही! हा लेख संपादकांकडे द्यायची तारीख आधी आहे आणि मामाचा कांदा त्यानंतर निघणार आहे. तो भाव बघून विकेल की चाळीत ठेवेल, हेही ठरलेलं नाही. मुद्दामच मी आत्ता लिहून देतोय. कारण एकदा निकाल लागला, की आपण सगळे शहाणे होतो. कांदा चालला तर लोक म्हणतील, “दोन्ही लाख द्यायला हवे होते, घाबरट कुठले!” आणि पडला तर म्हणतील, “सांगितलं नव्हतं, जुगारी आहे म्हणून?” माझ्या एक्का-दश्शीच्या वेळी दोन मिनिटांत पार्टी बदलली होती, तशीच. शेवटी राजा आला म्हणून माझा कॉल चुकीचा ठरत नाही. तो पत्ता यायच्या आधी जे माहीत होतं, त्यावर तो बरोबर होता.

तसंच इथेही. आम्ही लोकांचं न ऐकता वही बघितली, आणि बुडालं तरी उभं राहता येईल एवढंच लावलं. माझ्या मते बाबांचा निर्णय बरोबर आहे, आणि तो बरोबर आहे हे मी कांदा निघायच्या आधी, छापील अक्षरांत, साक्षीदारांसमोर नोंदवून ठेवतोय. उद्या मला फीसाठी बँकेच्या रांगेत उभं राहावं लागलं आणि तुमच्यापैकी कुणी तिथे भेटलं, तर कृपया ‘सांगितलं होतं’ म्हणू नका. चहा पाजा.

आणि हो, येत्या दिवाळीत पुन्हा शिरूरला डाव आहे. मामाने फोनवर बजावलंय, “कागुद आनायचा न्हाई!”

मी आणणार आहे.

– टी.ई. (ई. अँड टीसी)